नलिनीताईंना सगळं आठवत होतं

आता जे लिहितो आहे ते मी परवापरवापर्यंत कोणालाही सांगितलेलं नव्हतं. घरी बायकोला नाही, वाचनालयातल्या कोणाला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या नलिनीताईंना तर नाहीच. अकरा वर्षांपूर्वी मी त्यांच्याशी खोटं बोललो. वाक्य एकच होतं. त्या वाक्यामुळे आपली स्मरणशक्ती गेली असं त्यांना वाटलं आणि उरलेलं आयुष्य त्या तसंच समजून जगल्या. दोन महिन्यांपूर्वी त्या गेल्या. सकाळी ऑफिसला निघताना त्यांच्या मुलीचा, मेधाचा फोन आला. “श्रीकांतदादा, आई झोपेतच गेली.” मी “निघतो” म्हणालो आणि बूट घालायला बसलो. तेव्हा मनात पहिला विचार आला तो असा, की आता मला कोणी विचारणार नाही… त्या विचारासकट मी बुटाची लेस बांधली आणि निघालो.

धायरीत आमचं वाचनालय ग्रामपंचायतीच्या जुन्या दोन खोल्यांत आहे. गाव शहरात गेलं, आजूबाजूला आमच्यासारख्यांच्या सोसायट्या उठल्या, तरी त्या दोन खोल्या टिकल्या. पगारी माणूस एकही नाही, सगळे हौशी. नलिनीताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच महिन्यात टेबलामागे येऊन बसल्या. एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या, आकडे डोक्यात घेऊनच जगलेल्या. सभासद दारात दिसला की त्याचा क्रमांक, त्याच्याकडचं पुस्तक आणि ते किती दिवस झाले, हे रजिस्टर न उघडता सांगायच्या. कुणी महिनाभराने पुस्तक आणलं की म्हणत, “आणलंत, आभारी आहे. वाचलंत का, ते विचारत नाही.” लोक त्यांना घाबरायचे आणि त्यांच्यासाठीच यायचे. मीही त्यातलाच. नोकरीत माझं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. इथे रविवारी ताई सगळ्यांसमोर “श्रीकांतला विचारा” म्हणायच्या, त्याची सवय लागली होती.

त्यांनी सुरू केलेलं सर्वांत मोठं काम म्हणजे शनिवारचं सांगणं. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बोलवायचं, चहा द्यायचा आणि ते सांगतील ते लिहून घ्यायचं. ज्याची त्याची स्वतंत्र वही. ताईंचा नियम कडक होता. माणूस बोलेल तसं लिहायचं, भाषा नीटनेटकी करायची नाही, आणि वही भरली की ती त्याच माणसाला वाचून दाखवायची. त्याने मान डोलावली तरच वही पुरी झाली. अशा नऊ वह्या झाल्या होत्या. त्यांतली एक हौसाक्कांची. हौसाक्कांनी गावातल्या सगळ्या विहिरी सांगितल्या होत्या, एकेक नावानिशी. कुठलीचं पाणी गोड, कुठलीवर पोहायला शिकल्या, कुठलीवर नव्या सुनांना एकटं पाठवत नसत आणि का… त्यातली एकही विहीर आज दिसत नाही. सगळ्यांवर इमारती आहेत. एकीवर बहुधा आमचीच असावी. वही वाचून झाल्यावर चार महिन्यांनी हौसाक्का वारल्या.

वह्या हाताळून सुट्या झाल्या म्हणून बाइंडिंगला द्यायचं ठरलं. आमच्याकडे बाइंडिंगचे आणि रद्दीचे गठ्ठे एकाच कोपऱ्यात ठेवत, जागाच तेवढी होती. म्हणून ताईंनी पद्धत घालून दिली होती. बाइंडिंगच्या गठ्ठ्याला परकराची नाडी, म्हणजे कडा कापल्या जात नाहीत. रद्दीच्या गठ्ठ्याला सुतळी. रद्दीवाल्याला तेवढंच माहीत, सुतळीचं न्यायचं. त्या रविवारी आमचा वाचकमेळावा होता. ताई मला म्हणाल्या, “श्रीकांत, वह्या नाडीत बांधून ठेव. उद्या रद्दीवाला येतोय.” मी हो म्हणालो. नाडीचं रीळ संपलं होतं, कारण सकाळी मीच त्या नाडीने मेळाव्याचा फलक खिडकीला बांधला होता. फलक उतरला की नाडी बदलू, असं म्हणून मी वह्या तात्पुरत्या सुतळीत बांधल्या. मेळावा रंगला, लोकांनी माझ्या सूत्रसंचालनाचं कौतुक केलं, आणि मी घरी गेलो. सोमवारी मी ऑफिसात असताना ताईंनी रद्दीवाल्याला दार उघडून दिलं.

शनिवारी हौसाक्कांचे यजमान, तुकाअण्णा, वही मागायला आले. “ताय, दोन दिसांनी तिचं वर्षश्राद्ध हाय. पोरास्नी वाचून दावतो, मंग आणून देतो.” ताई आत कोपऱ्यात गेल्या. बाइंडिंगचे गठ्ठे उलटेपालटे केले. मग मला आत बोलावलं. अण्णा बाहेर बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसले होते, दारातून दिसत होते.

“श्रीकांत, वह्या कुठायत?”

मला त्याच क्षणी सगळं कळलं. सुतळी बदलायची राहिली होती.

“रविवारी मी तुला नाडीत बांधायला सांगितल्या. बांधल्यास ना?”

मी म्हणालो, “नाही ताई. मला नाही सांगितलंत. वह्या तुम्हीच बांधल्यात, सुतळीने. मी फलक बांधत होतो.”

एवढंच. बाहेर अण्णा बसलेले, पुढच्या महिन्यात मी वाचनालयाचा चिटणीस होणार हे ठरलेलं… संध्याकाळी एकटं गाठून खरं सांगू, असं मी खरोखर ठरवलं होतं. पण ताईंनी वाद घातला नाही. “मी?” एवढंच विचारलं आणि माझ्याकडे पाहत राहिल्या. त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता तर मी कदाचित लगेच कबूल केलं असतं. त्यांनी स्वतःवर घेतला. कपाळाला हात लावून म्हणाल्या, “मला तर लख्ख आठवतंय रे, तुला सांगितल्याचं.”

रिक्षा करून त्या रद्दीवाल्याकडे गेल्या. माल पुढे गेला होता. मग बैठक झाली. कार्यकारिणीचे पाच जण, ताई, मी, आणि अण्णांना मुद्दाम बोलावलं होतं. ताई उभ्या राहिल्या. शाळेत शिक्षा झाल्यासारख्या. “वह्या माझ्या हातून गेल्या. कशा गेल्या ते मला आठवत नाही. उलट भलतंच आठवतंय. म्हणजे आता मी या टेबलाशी बसणं बरोबर नाही.” कोणीतरी “असं काही नाही, ताई” म्हणालं, पण फार जोर लावून नाही. अण्णा रागावले नव्हते. ते हळू आवाजात बोलले. “आमची बाय कागदात ठिवली हुती तुमच्यापाशी. ती बी इकलीत.” ताईंनी मान खाली घातली. मी बैठकीचा वृत्तान्त लिहीत होतो. ते वाक्य मी वृत्तान्तात घेतलं नाही.

ताईंनी किल्ल्या ठेवल्या. शनिवारचं सांगणं बंद पडलं. वाचक म्हणून त्या येत राहिल्या, पण कुणी गमतीने “ताई, माझा नंबर किती?” विचारलं की म्हणत, “रजिस्टरमध्ये बघा.” नंबर त्यांना ठाऊक असायचा, ओठ हलायचे. मग पर्समध्ये चिठ्ठ्या दिसू लागल्या. दूध, वीजबिल, मेधाचा वाढदिवस. आणि एकदा त्या मलाच म्हणाल्या, “श्रीकांत, डॉक्टरांकडे येशील का बरोबर? मेधाला इतक्यात नको सांगायला.” मी गेलो. बिबवेवाडीतला दवाखाना, बाहेर खुर्च्या, माझ्या मांडीवर ताईंची पिशवी. डॉक्टरांनी त्यांना आकडे म्हणायला लावले, चित्रं दाखवली आणि सगळं उत्तम आहे म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “तुम्ही यांना नेहमी पाहता. तुम्हाला काही जाणवलं?” ताई माझ्याकडेच बघत होत्या. मी म्हणालो, “वयोमानाप्रमाणे, थोडंफार.” परतताना ताई रिक्षात म्हणाल्या, “डॉक्टर बरं वाटावं म्हणून बोलतात रे. तू खरं बोललास.”

त्यानंतर अनेक वर्षं मी त्यांच्याकडे जात राहिलो, पुस्तकं नेऊन देत राहिलो, भाजी आणून दिली. लोक म्हणत, श्रीकांतने सख्ख्या भावासारखं केलं. मी ते ऐकून घ्यायचो.

शोकसभेत सगळे चांगलं बोलले आणि जवळजवळ प्रत्येकाने शेवटी म्हटलं, “अलीकडे जरा विसरायच्या, पण…” सभेतच ठरलं, की ताईंच्या नावाने ज्येष्ठांसाठी स्मरणशक्ती शिबिर घ्यायचं. चिटणीस म्हणून पत्रक मी लिहायचं. दोन दिवसांत ताईंचा फोटो असलेला फलक तयार होऊन आलाही. तो बघायला मेधा कोथरूडहून आली होती. जाताना दारात थांबून म्हणाली, “मीच पहिलं नाव देते शिबिराला. दोनदा दूध गॅसवर राहिलं, दादा. आईला साठीनंतर सुरू झालं, मला पन्नाशीच्या आधीच. पुढच्या आठवड्यात तपासणीला जातेय. घरी कोणाला बोलले नाहीये.”

अकरा वर्षं मला वाटत होतं, नुकसान व्हायचं ते होऊन गेलं.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. तिने पोहे केले. मी म्हणालो, आधी ऐक. सगळं सांगितलं, नाडी, सुतळी, फलक, दवाखाना. तिने मध्ये एकदाच विचारलं.

“आईने तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं?”

“हो.”

“आणि तुम्ही तिला सांगितलंत की तिनेच बांधल्या.”

“हो.”

ती उठली, गॅस बंद आहे का बघून आली, पुन्हा बसली. “आई मला फोन करायची नाही, दादा. मी केला तर दोन मिनिटांत ठेवायची. मी म्हणायचे, अगं, बोल ना. एकदा म्हणाली, तेच तेच बोलेन गं, तुला कंटाळा येईल. जन्मभर लोकांचे फोन जोडून दिले तिने.” मी माफी मागायला लागलो, पेपरात लिहून सगळं कबूल करतो म्हणालो, तेव्हा तिने हात वर केला. “ते राहू द्या. त्या फलकावरून आईचा फोटो काढा. आणि बैठकीला जे जे होते त्या प्रत्येकाला तोंडाने सांगा. पेपरात लिहायचं तर लिहा, पण सगळ्यांना सांगण्याऐवजी नको.” पोह्यांची बशी तिने उचलून आत नेली. दार लावताना म्हणाली, “तपासणी मी रद्द करत नाहीये. पण आता घाबरून जाणार नाही.”

फोटो काढला. शिबिर रद्द करायला लावलं, कारण सांगितलं आणि चिटणीसपद सोडलं. कार्यकारिणीतल्या पाचही जणांना भेटलो. एकाने फक्त पाणी दिलं. एक बाई म्हणाल्या, “तेव्हाच मला वाटलं होतं, ताई असं विसरणार नाहीत, पण तुम्ही वृत्तान्त लिहीत होतात, म्हटलं तुम्हाला ठाऊक.” एकाने दारातूनच “बरं” म्हटलं.

तुकाअण्णा राहिलेत. आता नव्वदीला आले आहेत, ऐकू कमी येतं, म्हणजे मोठ्याने सांगावं लागेल, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. दोनदा त्यांच्या गल्लीपर्यंत जाऊन परत आलो. हौसाक्कांची वही नलिनीताईंनी नाही, मी घालवली, हे त्यांना सांगणं माझ्याकडून अजून बाकी आहे.