ताण्यांमध्ये सोडलेली जागा

आधी सगुणाबाईंचं नाव लिहिते. नागपूरला सदर भागाच्या मागच्या गल्लीत माग चालवणाऱ्या सगुणाबाई. त्या नसत्या तर माझं लेकरू कुठे निजलंय हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. आता काय झालं ते सांगते. माझी शाळा सातवीतच सुटली, तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

अशा गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या मालवणकडे देवचाराच्या, मुंज्याच्या, भुताखेतांच्या गोष्टी घरोघर चालतात. मी त्या ऐकून हसायची. आज हसत नाही, एवढंच.

सत्तर सालानंतरच्या एक-दोन वर्षांतली ही गोष्ट. माझे मिस्टर रेल्वेत फिटर होते, म्हणून लग्न होऊन मी एवढ्या लांब आले. ना समुद्र, ना माणसं ओळखीची, बोलीसुद्धा वेगळी. सगुणाबाई शेजारी. पहिलं बाळंतपण त्यांनीच केलं. मुलगा झाला... आणि बारसं व्हायच्या आधीच गेला.

तान्ह्या पोराला जाळत नाहीत, पुरतात. आणि आईला जागा सांगत नाहीत. आई तिथे जाऊन बसेल, मग तिची कूस पुन्हा उजवणार नाही, असं म्हणतात. मिस्टर आणि सगुणाबाईंचे यजमान त्याला घेऊन गेले आणि रिकाम्या हातांनी परत आले. मी मिस्टरांना किती वेळा विचारलं — कुठे ठेवलंत? ते म्हणायचे, "विसर आता." पण मला रोज वाटायचं, पाऊस पडला की त्याच्यावर पाणी साचत असेल का? कुत्री उकरत असतील का? कुठे आहे हे कळलं असतं तर निदान त्या दिशेला तोंड करून झोपले असते.

मी नुसती भिंतीकडे बघत बसायची, म्हणून सगुणाबाईंनीच पाद्रीसाहेबांना सांगून मला चर्चमध्ये झाडलोटीचं काम मिळवून दिलं. चर्चच्या मागे इंग्रजांच्या वेळची जुनी दफनभूमी होती. तिच्या एका अंगाला मोकळी जमीन, तिथे सगुणाबाई आणि गल्लीतल्या इतर विणकर कोष्टी बायका सकाळी पाजणी करायच्या. म्हणजे सुताचा लांब ताणा बांबूंवर ताणायचा, त्याला खळ लावायची आणि ऊन चढायच्या आत कुंच्याने साफ करायचा. पाद्रीसाहेबांची परवानगी होती.

एक गोष्ट मला पहिल्यापासून खटकायची. जागा चांगली ऐसपैस, पण या बायका एक लांब ताणा लावायच्या ऐवजी दोन आखूड लावायच्या. मध्ये थोडी जमीन सोडून.

मी सगुणाबाईंना विचारलं, "मावशी, मध्ये का सोडता?"

"तठी बांबू नाही गाडत वं. पायबी नाही देत."

"का पण?"

"आता काहून ते मले काय माहीत! माह्या सासूले तिच्या सासूनं सांगतलं. तठी सूत तुटते म्हणे. तू आपलं झाड नं, लय विचारते!"

मग हिवाळ्यात विलायतेहून एक बाई आल्या. मिसेस हॅरोप. पिकलेले केस, पायात कॅनव्हासचे बूट. आपल्या घराण्याची मुळं शोधत त्या फिरत होत्या. कुठल्या कुठल्या गावच्या चर्चांतून बाप्तिस्मे, लग्नं, मरणं उतरवून आणलेली. त्यांच्याजवळ एक भला मोठा घडीचा कागद होता, त्यावर वडाच्या पारंब्यांसारखी नावं खाली खाली उतरलेली. त्यांच्या आजोबांची नोकरी नागपूरला होती. इथे त्यांना पहिली मुलगी झाली, ॲलिस, आणि ती तान्हीच गेली. पुढे आजी विलायतेला परतली. पाद्रीसाहेबांनी मला मराठीत सांगितलं, "ती आजी म्हातारपणी सारखं म्हणे, मी तिला एकटीला टाकून आले. हिच्या आईने मरताना हिच्याकडून वचन घेतलं, ॲलिसला शोधून ये."

मी हातातला झाडू तसाच धरून उभी राहिले.

चर्चच्या जुन्या वह्यांत ॲलिसचा बाप्तिस्मा सापडला, दफनही सापडलं. जागा मात्र लिहिलेली नव्हती. दफनभूमीत दगड होते तेवढे सगळे बाईंनी ओल्या फडक्याने पुसून वाचले. त्यांत ॲलिस नव्हती. शेवटच्या सकाळीसुद्धा त्या आल्या. दुपारच्या गाडीने मुंबईला जायचं होतं.

"एवढी गोरी, अन् उन्हात बिनटोपीची," सगुणाबाई कुंचा मारता मारता म्हणाल्या. "भाजल्या वांग्यावानी होईन, पाह्य!" बायका हसल्या. मीही हसले.

आणि तेवढ्यात मला रडणं ऐकू आलं. तान्ह्या बाळाचं, भुकेचं, थांबून थांबून येणारं. मला वाटलं कुणीतरी पोर आणलंय, निंबाला झोळी बांधली असेल. म्हटलं, "अहो, कुणाचं रडतंय? घ्या ना त्याला!"

बायका माझ्याकडे बघायला लागल्या. "कोन रडून राहिलं वं? कोनाचंच लेकरू नाही अठी."

खरंच झोळी नव्हती. पण रडणं चालूच... मी आवाजाच्या रोखाने चालत गेले. सगुणाबाई ओरडल्या, "सुमन, तठी नको!" तोपर्यंत मी दोन ताण्यांच्या मधल्या त्या जागेवर पोचले होते. मी खाली बसले. रडणं बंद झालं. आणि छातीत कळ आली... पदर ओला. चोळी ओली. दूध.

माझ्या बाळाला जाऊन दोन वर्षं होत आली होती हो. दूध केव्हाच आटलं होतं.

मी पदर आवळून घेतला. भीती ही, की आता सगळे वेडी म्हणतील, पाद्रीसाहेब कामावरून काढतील. सगुणाबाईंनी मात्र पाहिलं. आपलं लुगडं सावरत आल्या, माझ्यापुढे आड उभ्या राहिल्या आणि पाद्रीसाहेबांना हाक मारली. "सायेब, मेमसायबाले बोलवा. आमच्या बायका चार पिढ्यांपासून अठी पाय नाही देऊन राहिल्या. उगीच असन का?"

पाद्रीसाहेबांना पटलं नसावं, पण त्यांनी चर्चच्या माळ्याला हलक्या हाताने माती बाजूला करायला सांगितली. वीतभर खाली खुरपं खणकन वाजलं. विटा निघाल्या. विटांची चौकट, बरोबर पाळण्याएवढी. नाव नाही, दगड नाही. पाद्रीसाहेबांनी पुढे खणू दिलं नाही. मिसेस हॅरोप तिथेच मातीत बसल्या, विटांवर हात ठेवून कितीतरी वेळ काहीतरी पुटपुटत राहिल्या. ती ॲलिसच होती याला पुरावा काही नाही. बाईंना तो लागला नाही. निघताना त्यांनी माझे दोन्ही हात धरले. माझ्या पदराचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुपारी मी घरी पडून होते. सगुणाबाई दारात आल्या. "चाल."

"कुठे मावशी?"

"चाल म्हणते नं."

आम्ही चालत नाल्याकडे गेलो. काठावर एक जुनं बाभळीचं झाड. त्याच्या उंच अंगाला मोठे दगड नीट रचलेले, वरच्या दगडावर चुन्याचं बोट.

"माहा बुढा दर दिवाळीले चुना लावते," त्या म्हणाल्या. "पाणी नाही येत एवढ्या वर. दगडं मोठे हाय, कुत्रं नाही उकरत. मले म्हाईत होतं, पण रीत हाय म्हनून तोंड नाही उघडलं. आज म्हटलं, गेली चुलीत ती रीत! सात समुद्रापलीकडची बाई लेकराले भेटून जाते, अन् तू अठीच राहून..."

मी बसले. रडणं ऐकू आलं नाही, दूधही आलं नाही. नुसता वारा होता. त्या रात्री मी त्या दिशेला तोंड करून झोपले.

पुढे मला दोन मुली झाल्या, म्हणजे कूस उजवली. डॉक्टरांना दुधाचं विचारलं तर म्हणाले, "मनावर ताण आला की होतं कधी कधी." होत असेलही. पण रडणं? आणि मिसेस हॅरोप शोधत होत्या त्याच जागी? अजून मला उलगडा नाही.

आता माग बंद पडले. सगुणाबाई मुलाकडे उमरेडला असतात, डोळ्यांना कमी दिसतं. पूर्वी मला नेहमी विचारायच्या, "तुमचा समुद्र म्हणजे अंबाझरी तलावाएवढा असन का वं?" मी सांगायची, त्याला पलीकडचा काठच नसतो. त्यांना खोटंच वाटायचं. मावशी, तुमची नजर पूर्ण जायच्या आत एकदा तुम्हाला मालवणला नेणार आहे. तुम्ही मला काठ दाखवलात, मी तुम्हाला समुद्र दाखवेन. हा माझा शब्द.