ओटीवरची शाळा

माझ्या धाकट्या जावेइतकं शाळेचं वेड असलेलं माणूस मी आमच्या मुरबाड तालुक्यात दुसरं पाहिलं नाही, आणि आपल्या मुलांना शाळेत न पाठवणारी बाईही अख्ख्या गावात तीच एकटी. ह्या दोन गोष्टी एकाच माणसात कशा राहतात हे मला विचारू नका. मी तिच्याबरोबर आधी एका चुलीवर आणि मग एका गॅसवर बारा वर्षं स्वयंपाक केला, तरी मलाही ते धड सांगता येत नाही. त्यात मी गावची अंगणवाडी सेविका. दारोदार जाऊन ‘मुलांना पाठवा गो’ म्हणून सांगणं हे माझं कामच. बायका मला बसायला पाट देत, पाणी देत, सगळं ऐकून घेत आणि मी उठायला लागले की हळूच विचारत, “आनि तुमच्या घरातली तीन?” मग मी चपला शोधायला लागे.

आमचं गाव वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. जाऊ शेणव्याची. लग्नाआधी तिचं डी.एड. झालेलं. ती भरतीची वाट बघत होती. वाट बघता बघता लग्न झालं, सई झाली, मागोमाग रुद्र झाला, मग धाकटा बाळू, आणि वाट बघायचं राहून गेलं. सईला मुरबाडच्या एका इंग्रजी शाळेत पहिलीला घातली होती. सकाळी व्हॅन यायची, दुपारी सोडायची. त्या वर्षीची दिवाळीची सुट्टी संपली, व्हॅन दारात येऊन उभी राहिली, आणि जाऊ बाहेर जाऊन ड्रायव्हरला म्हणाली, “उद्यापासून नको.” घरात ही बातमी आम्हाला व्हॅनवाल्याकडून कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता आमच्या ओटीवर शाळा सुरू झाली.

शाळा म्हणजे अगदी शाळा. घरचाच कारभार म्हणून ढिलाई नाही. जाऊ घरात नेसलेली साडी बदलून ओटीवर यायची. पहिल्यांदा हजेरी. पटावर तिन्ही मुलं, त्यात धाकटा तेव्हा एक वर्षाचा. ‘हजर’ म्हणायची सक्ती नव्हती. कुणी हात वर करावा, कुणी टाळी वाजवावी, कुणी नुसतं बघावं, बाईंना चालायचं. बाळू रडला की हजर. तो झोपलेला असला तर त्याच्या नावापुढे ‘आजारी’ असं लिहिलं जायचं, कारण झोपेची रजा नियमात बसत नव्हती. एखाद्या दिवशी रुद्र उशिरा उठला, तर त्याला पालकांची चिठ्ठी आणावी लागे. तो स्वयंपाकघरात येई, आईकडून चिठ्ठी लिहून घेई आणि ओटीवर नेऊन आईलाच देई. ती चिठ्ठी नीट वाचायची, अक्षर तपासायची. एकदा तर म्हणाली, “तुझ्या आईला सांग, पुढच्या वेळी कारण लिवायला पायजे.”

अकरा वाजता मधली सुट्टी. त्यासाठी ती पितळी परात उलथन्याने वाजवायची. आवाज आळीच्या टोकापर्यंत जायचा. महिन्याभरात सासूबाई त्या आवाजावर चहाला येऊ लागल्या. मग कुत्रा येऊ लागला. समोरच्या घरातल्या तात्यांनी आपली रक्तदाबाची गोळी त्या घंटेला लावून घेतली. एकदा जाऊ भावाच्या साखरपुड्याला शेणव्याला गेली, तर साडेबाराला तात्या पाण्याचा तांब्या हातात घेऊन आमच्या दारात. म्हणाले, “आज घंटा नाय झाली. गोळी घेऊ का नको?” मी त्यांना घ्यायला सांगितली. तरी ते परातीकडे बघत थोडा वेळ उभे राहिले.

दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी पालकसभा असायची. पालक म्हणजे आमचे भावजी, तिचे यजमान. ते मुरबाडच्या एमआयडीसीत कंपनीत आहेत. आठवडाभराची शिफ्ट करून आलेला माणूस ओटीवर मांडी घालून बसायचा आणि समोर बाई वही घेऊन. “सई घरी अभ्यास करते का?” बाईंनी विचारलं. भावजी म्हणाले, “घरीच तर असते.” “ते नाय विचारलं. तुमी लक्ष देता का?” भावजींनी आत माझ्याकडे बघितलं. मी तांदळातले खडे काढत होते, ते काढत राहिले. बाईंनी वहीत ‘पालकांचे सहकार्य नाही’ असं लिहिलं आणि त्याखाली त्यांची सही घेतली. दुपारी तिनेच त्यांना जेवायला वाढलं, वर आग्रह करून भात घातला आणि सभेचा विषय काढला नाही. शाळेतलं शाळेत.

आमच्या सासऱ्यांचं मात्र ह्या शाळेने मोठं नुकसान केलं. तरुणपणी घाटात आपली वाघाशी गाठ पडली, ही गोष्ट ते चाळीस वर्षं सांगत आले आहेत. जावेने त्यांना इतिहासाला बोलावलं. मुलांना आधी सांगून ठेवलं की कुणी काही सांगितलं की विचारायचं, तुमी बघितलं का, कुठून बघितलं, अजून कोन होतं. मुलांनी विचारलं. सोमवारी वाघ होता. मंगळवारी तो बिबट्या झाला. बुधवारी अंधार होता असं निघालं, आणि गुरुवारी रुद्रने “म्हंजे मांजर पन असंल” असं म्हटल्यावर बाबा उठून गोठ्यात गेले. पुढे दोन आठवडे त्यांनी कुणालाही काही सांगितलं नाही. जाऊ म्हणाली, “बाबा, रागावू नका. मुलं शिकली त्यातून.” बाबा म्हणाले, “ती शिकली, माझा वाघ गेला.”

मुलं शाळेत का नाहीत, असं कुणी विचारलं तर जाऊ लगेच उत्तर द्यायची, आणि प्रत्येकाला वेगळं. पोस्टमनला सांगितलं, सईला गाडी लागते. सरपंचांना सांगितलं, एक प्रयोग चाललाय, झाला की कळवते. आत्येसासूबाईंना सांगितलं की गुरुजीच म्हनाले, काही दिवस घरी ठेवा. आणि बाजारात भेटलेल्या एका बाईला तिने सांगितलं की गणवेश शिवायला टाकलेत, शिंप्याने अजून दिले नाहीत. ती बाई पुढच्या वर्षी पुन्हा भेटली. गणवेश अजून शिंप्याकडेच होते. मी एकदा चिडून म्हटलं, “एकच कारण सांग ना सगळ्यांना. लोक आपसात बोलतात.” ती म्हणाली, “बोलू दे ताई. सगळ्यांना सारखं सांगितलं तर ते खरं वाटंल.”

खरं कारण काय, हे मला अर्धं ठाऊक होतं. सई बोलताना अडखळते. पहिलं अक्षर ओठांशी येऊन अडकतं, मान थोडी पुढे जाते, डोळे मिटतात, आणि मग कधीतरी शब्द सुटतो. घरात जावेचा नियम होता की तिचा शब्द कुणी पुरा करायचा नाही. जो करील त्याने ओटीच्या कोपऱ्यात तोंड भिंतीकडे करून बसायचं. नियम सगळ्यांना सारखा होता. सासूबाई दोनदा बसल्या. मी एकदा बसले. पण असं कितीतरी मुलांचं असतं आणि ती जातातच की शाळेत, असं मी मनात म्हणायचे.

सई आठ वर्षांची झाली त्या वर्षी शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाचं काम आलं. गावच्या शाळेतल्या गुरुजींबरोबर आम्हा सेविकांनाही घरं वाटून दिली. आमची आळी माझ्याच वाट्याला. मी सगळी घरं लिहिली आणि आमचं घर तेवढं शेवटी ठेवलं. बाळूचं नाव माझ्या अंगणवाडीच्या पटावर होतं, तो खिचडीपुरता येतही असे. राहिली दोन. संध्याकाळी मी कागद घेऊन परसात गेले. जाऊ वालाच्या शेंगा सोलत होती. मी म्हटलं, “तुझ्या पोरांचं काय लिहू?”

“लिवा ना. शाळाबाह्य दोन. खोटं कशाला लिवता.”

“आनि साहेबांनी कारण विचारलं तर?”

ती शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, “ताई, त्या शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हनायला लागायचं. सईला तो ‘प्र’ नाय जमत. बाई नाव घ्यायच्या, हिचं तोंड हलायचं, तोवर बाई पुढच्या नावावर. महिनाभर ती रोज गेली, आनि महिनाभर तिची गैरहजेरी लागली. मला शाळेतून फोन आला, तुमची मुलगी येत का नाय म्हनून. मी सईला विचारलं, तू सांगितलं का नायस गो, मी बसलेय म्हनून? तर ती म्हनाली, मला वाटलं मी नसंन.”

मी पाट ओढून तिच्याजवळ बसले. शेंगा सोलायला घेतल्या. कागदावर ‘दोन’ लिहिलं आणि कारणाचा रकाना मोकळा ठेवला.

आठवड्याने गुरुजी शिक्षण खात्यातल्या एका साहेबांना घेऊन घरी आले. वयस्कर गृहस्थ होते, चढण चढून दमलेले. जावेने साडी बदलली. साहेब ओटीवर बसले, फळा बघितला, हजेरीची वही उलटीपालटी केली, ‘पालकांचे सहकार्य नाही’ हे दोनदा वाचलं. मग सईला म्हणाले, “बाळा, नाव काय तुझं?”

सईची मान पुढे गेली. डोळे मिटले. ‘स’ नुसता हवेसारखा येत राहिला. गुरुजींनी पायाची चुळबुळ केली. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात जावेने माझ्याकडे असं बघितलं की मी कोपऱ्याकडेच सरकले. साहेब बसून राहिले. त्यांनी चष्मा काढला, पुसला नाही, नुसता मांडीवर ठेवला. आत कुकरची शिट्टी झाली. मग सई म्हणाली, “सई. सई दिनकर,” आणि आडनावही म्हणाली, ते एका दमात.

“छान नाव आहे,” साहेब म्हणाले. मग जावेकडे वळून त्यांनी सांगायचं ते सांगितलं. मुलीला वयाप्रमाणे वर्गात घेता येईल, पुस्तकं मिळतील, गावातलीच शाळा आहे. जावेने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. “सायेब, आता थांबलात तसं वर्गात थांबतील का?”

साहेबांनी जरा विचार केला. “मी असलो तर थांबीन. बाकीच्यांचं मी कसं सांगू?”

“खरं बोललात,” जाऊ म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली. त्या दिवशी काहीच ठरलं नाही. जाताना साहेबांनी मला कारणाचा रकाना विचारला. मी म्हटलं, “शिंप्याने गणवेश दिले नायत.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, पण लिहिलं काहीतरी.

ठरवलं ते सईनेच, आणि ते माझ्या अंगणवाडीत घडलं. बाळूला पोचवायच्या निमित्ताने ती येऊन बसायला लागली. एक दिवस मी पोषण आहाराच्या रजिस्टरात अडकले होते, मुलांनी धुमाकूळ घातला, तेव्हा मी तिला म्हटलं, “एक गोष्ट सांग गो ह्यांना.” सांगून बसले आणि मग चपापले. सईने सुरुवात केली, “एक होता क... क...” आणि तिथे ती अडकली. चार वर्षांची सोळा मुलं. त्यांना कुठे नियम ठाऊक. एक ओरडला, “कावळा.” सईने मान हलवली, नाही. “कोंबडा.” नाही. “केळं.” “काका.” “कुकर.” मुलं उभी राहिली, सईला हसू यायला लागलं, हसता हसता शब्द सुटला, “कासव,” आणि सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पुढच्या शब्दाला ती अडली तेव्हा मुलं वाटच बघत होती. मी दाराकडे बघितलं तर जाऊ उभी. बाळूचा डबा द्यायला आली होती. तिचा नियम सोळा तोंडांनी मोडत होता. ती गोष्ट संपेपर्यंत उभी राहिली, डबा खाली ठेवला आणि गेली. कासवाची गोष्ट त्या दिवशी पाऊण तास चालली.

त्यानंतर सई रोज गोष्ट सांगायची. आणि पुढच्या उन्हाळ्यात एकदा जेवताना म्हणाली, “मी जूनपासून शाळेत जाते.” जावेने विचारलं, “कोन बोललं तुला?” “कोन नाय. मीच.”

आता तिघंही गावच्या शाळेत जातात. रुद्रने तिथे गुरुजींना विचारायला सुरुवात केली आहे की तुमी बघितलं का, कुठून बघितलं. ओटी दुपारची स्वच्छ असते, त्यावर मिरच्या वाळत घालता येतात. जाऊ कधी अंगणवाडीत माझ्या मदतीला येते, कधी शेतावर जाते, आणि लोक तिला आता काही विचारत नाहीत.

मला तो पहिला दिवस राहून राहून आठवतो. सई चौथीत बसली. मैत्रिणींबरोबर गेली, वळून बघितलं नाही. जाऊ अंगणवाडीत आली आणि लहान मुलांच्या मागे भिंतीला टेकून बसली. मदतनीस बाईने पुढे केली ती भाजी तिने चिरली, मुलांचे हात धुतले, सगळी घरी गेल्यावर सतरंज्या झटकल्या. मी म्हटलं, “अगो, शाळा इथून दिसते. जाऊन बघून ये.” ती म्हणाली, “नको. मी दिसले तर ती माझ्याकडं बघंल.”

संध्याकाळी ती भाकऱ्या थापत होती. सई आली, दप्तर ठेवलं, हातपाय धुऊन चुलीशी बसली. त्या दिवशी गॅस संपला होता, म्हणून चूल. जावेने पुढची भाकरी थापायला घेतली. भाकरीकडे बघत सईच म्हणाली, “चौथीच्या बाईंनी न... नाव विचारलं.”

“मग?”

“सांगितलं.”

“लय टाइम लागला का?”

“लागला,” सई म्हणाली, आणि रुद्रला वही दाखवायला ओटीवर पळाली.

जाऊ तिकडे बघत राहिली. तव्यावरची भाकरी एका बाजूने करपून गेली. ती मी काढायला गेले, तर तिने माझा हात बाजूला केला, भाकरी उतरवली आणि आपल्या ताटात ठेवली.