जमिनीवरची हार्ड डिस्क

भूकंपानंतर आमच्या घरात भिंतीला फळी नाही. उंचावर काही ठेवलं की आईचा जीव घाबरा होतो, म्हणून सगळा संसार जमिनीवर. माझी हार्ड डिस्कही जमिनीवरच होती. आईनं न बघता तिच्यावर पाण्यानं भरलेली कळशी आदळली.

त्या डिस्कमध्ये माझे वडील होते. भूकंपात घराखाली ते गेले, त्यांचे फोटोही गेले. उरले होते ते फक्त किनवटच्या मावशीच्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, पंगतीत जिलेबी वाढताना. ती कॅसेट डिस्कवर उतरवली आणि तेव्हाच तिची फीत तुटली.

आता डिस्क लावून कॉम्प्युटर सुरू केला की तो काळ्या पडद्यावर अडकायचा. डिस्क काढली की लगेच सुरू. मी वायर बदलली, मागच्या पोर्टात लावली, कॉम्प्युटर आधी सुरू करून मग जोडली. डिस्क दिसेचना. आतून नुसती टकटक.

लातुरात मी ज्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्याच गल्लीतला दुरुस्तीवाला म्हणाला, "सर, आता यातून काही निघणार न्हाई."

घरी येऊन डिस्क पुन्हा जोडली आणि आईवर ओरडलो, "अजून किती वर्षं जमिनीवर जगायचं आपण?"

ती खाली बसली, डिस्कला कान लावला आणि हातानं मला गप्प केलं. ढिगाऱ्यावर ती अशीच सगळ्यांना गप्प करत होती.

"आवाज येऊन राहिलाय की रे," ती म्हणाली. "त्या दिवशी तेवढाबी आला न्हाई."