माहा भाचा, आमची प्रणाली अन् मधातला मंगेश

शाळेच्या स्टाफरूममधे किस्से होतात असं लोकं म्हणतात. साफ खोटं! स्टाफरूममधे फक्त पोरांच्या वह्या-कॉप्या तपासणं अन् छुट्ट्यांचा हिशोब होते. किस्से होतात गाडीत. पांढुर्ण्याहून सौंसरले रोज जायचं, रोज यायचं, अन् एवढा वेळ तोंड बंद ठेवणं कोणाले जमते? मले तं जमतच नाही. आता एवढे किस्से जमा झाले आहेत की कोणता आधी सांगू, समजून नाही राहिलं.

गाडीत आमी चार जण. गुलाबराव ड्रायव्हर, जे गाडीपेक्षा तोंड जास्त चालवतात. गणिताची प्रणाली. खेळाचा सर मंगेश, तो तिगावहून मोटरसायकलवर पांढुर्ण्याले येते अन् मंग गाडीत बसते. अन् मी, पहिली-दुसरीले शिकवणारी. मले सगळे काकू म्हणतात, हेडसरसुद्धा.

प्रणाली अन् मंगेश म्हणजे पक्के दोस्त. पक्के म्हणजे रोज भांडणारे! खिडकी उघडी ठेवायची की बंद, यावर पांढुर्ण्याले सुरू झालेलं भांडण सौंसर आलं तरी संपत नव्हतं. पण एक जण छुट्टीवर असला की दुसऱ्याचं तोंड एवढंसं होऊन जाय.

मले दोस्तीच वाटली. तुमालेही तेच वाटलं असतं.

*

प्रणालीचं लग्न मीच जमवलं. अन् तेही गाडीत! माहं माहेर बोरगाव, सौंसरच्या बाजूले. माह्या भावाचा पोरगा स्वप्नील नागपूरले कंपनीत नोकरीले आहे, रूम करून एकटाच राहते. सरळ पोरगा, सुपारीचंही व्यसन नाही. मी मोबाइलमधे त्याचा फोटो काढला अन् प्रणालीकडे सरकवला. तिच्या आधी मंगेशनं हिसकून घेतला.

"पोट्टा चांगला आहे काकू. फक्त आधार कार्डाच्या फोटोले बसल्यावाणी बसला आहे, अन् मागं तं बगिचा आहे!"

प्रणालीनं फोटो पाहिला, जवळ घेऊन पाहिला, दूर धरून पाहिला अन् म्हणे, "काकू, नाही म्हणाले काही कारण नाही दिसून राहिलं."

आता याले होकार नाही म्हणत तं काय म्हणतात? मी त्याच संध्याकाळी पेढे घेतले.

साक्षगंध झालं, म्हणजे साखरपुडा. अंगठी झाली, साडी झाली, गावजेवण झालं. मंगेश सकाळपासून राबून राहिला होता. खुर्च्या लावल्या, पाण्याच्या कॅन आणल्या, आचाऱ्यासंग भांडला. फोटो आले तं काय पाहावं? समोर नवरा-नवरी अन् प्रत्येक फोटोत मागं मंगेश, डोक्यावर खुर्ची घेऊन!

प्रणालीचे बाबा नगरपालिकेत आहेत, गावात मान आहे त्यांचा. ते मले म्हणे, "काकू, हा पोरगा नसता तं आज माही इज्जत गेली असती."

*

घरी बापासमोर बोलाले प्रणाली लाजे, म्हणून स्वप्नीलचा फोन रोज सकाळी गाडीतच ये. पण तिकडून तो विचारे काय? "जेवण झालं का?" सकाळी आठ वाजता!

"नाही."

"बरं. पाऊस आहे का तिकडे?"

"नाही."

"बरं."

मंग दोघंही चूप. मंगेश बाजूनं हळूच म्हणे, "विचार ना, ऑफिसात पंखे किती आहेत!" प्रणाली तोंडावर ओढणी दाबून हसे, अन् तिकडे स्वप्नीलले वाटे, पोरगी आपल्याच बोलण्यावर खूश झाली. तोही हसे बिचारा.

एक दिवस तिच्या मांडीवर तपासायच्या कॉप्या होत्या अन् फोन वाजला. तिनं फोन सरळ मंगेशच्या हातात कोंबला. "जरा तूच सांभाळ!" जरा कायचं, जामसांवलीचा फाटा मागं गेला तरी हे दोघं क्रिकेटवर बोलूनच राहिले! स्वप्नील मोठ्यानं हसून राहिला होता, मले पुढच्या सीटवर ऐकू ये. लहानपणापासून पाहते मी त्याले, एवढं हसताना कधी ऐकलं नव्हतं.

ठेवता ठेवता तो म्हणे, "मंगेशभाऊ, तुमचा नंबर द्या ना. उद्या तुमालेच लावतो."

अन् लावला! नवरदेव रोज फोन करे, पण नवरीले नाही, मंगेशले!

*

त्याच्यानंतर स्वप्नीलकडून वस्तू येऊ लागल्या, अन् एकही चुकेना! प्रणालीचे थंडीत कान दुखतात, तं लोकरीची कानपट्टी आली. तिले गोड आवडत नाही, तं पेढ्याच्या जागी तिखट शेव आली. वाढदिवसाले तं जांभळी साडी! तिले जांभळा रंग आवडते हे तिच्या आईलेही माहीत नव्हतं.

मी गाडीत अभिमानानं फुगून बसली. "पाहा, भाचा कोणाचा आहे! मन ओळखते मन!"

मंगेश खिडकीतून बाहेर पाहून राहिला. प्रणाली एकदम त्याच्याकडे वळली.

"मंगेश, कानाचं तू सांगितलं?"

"त्यानं विचारलं."

"शेवेचं?"

"विचारलं म्हणून सांगितलं."

"अन् जांभळ्याचं?"

"प्रणाली, चांगला पोरगा आहे तो. मनापासून विचारते."

"त्याले माह्याबद्दल जे माहीत आहे ते सगळं तुह्या तोंडून गेलं! मंग मी लग्न कोणासंग करून राहिली?"

गुलाबरावनं फक्त गाडी चालवली, अन् हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

*

गुलाबराव म्हणतात, त्यांनी तं कवाच ओळखलं होतं. कायच्यावरून? तं संत्र्यावरून!

आमच्या भागात संत्रं कोणी कोणाले सोलून देत नाही. घरोघरी संत्र्याचे बगिचे, हंगामात दारात ढीग. दुधाचे दात असलेलं लेकरू आपलं आपण सोलून खाते. अन् हा मंगेश रोज परत येताना संत्रं सोले, शिरा काढे, बिया काढे अन् फोडी न पाहताच प्रणालीच्या हातावर ठेवे. तीही न पाहताच खाय. तोंडानं खिडकीवरून भांडण चालू अन् हात आपलं काम करून राहिले!

"काकू," गुलाबराव म्हणे, "मी माह्या बायकोले जनमभरात एक डाव संत्रं सोलून दिलं. तं ती म्हणे, काहून जी, सडकं निघालं का?"

मी म्हटलं, "तुमी रस्त्याकडे पाहा!" पण मंग मीच सारखी मागं वळून पाहू लागली. माह्याच गाडीत, माह्याच डोळ्यासमोर, माह्याच भाच्याचा पत्ता कटून राहिला होता! अन् राग कोणाचा करू? पोरगी चांगली, दोन्ही पोट्टे चांगले. एखादा तरी बदमाश असता तं माहं काम सोपं झालं असतं.

*

मंगेशनं गाडीच सोडली. मोटरसायकलनं परस्पर सौंसरले जाऊ लागला. मी शाळेत गाठून विचारलं तं म्हणे, "काकू, तिच्या साक्षगंधाच्या खुर्च्या मी माह्या हातानं लावल्या आहेत. आता कोणत्या तोंडानं बसू तिच्या बाजूले?" डोळ्यात पाणी, अन् म्हणे धूळ गेली.

त्यानं हसणं सोडलं, मंग जेवणही सोडलं. त्याच्या मायले वाटलं, पोराले काही बाहेरचं लागलं. असं काही झालं की आमच्याकडे लोकं जामसांवलीच्या मारुतीले नेतात. शनिवारी आमची गाडीही दर्शनाले थांबतेच. त्या शनिवारी पाहतो तं काय, मंगेश हात जोडून उभा अन् बाजूले माय पदरानं डोळे पुसून राहिली!

मले पाहिलं अन् तिनं हातच धरला. "काकू, कोणीतरी याले काहीतरी खाऊ घातलं वं!"

जिच्या डब्यातलं तो रोज खाय, ती प्रणाली प्रसाद घेऊन माह्या मागंच उभी होती. पोरगी पांढरीफटक पडली.

मायची नजर तिच्यावर गेली. "तू याच्या शाळेतली ना पोरी? तुह्या हातानं दे बरं थोडा. माह्या हातचं तं घेतच नाही हा."

प्रणालीनं प्रसाद त्याच्या हातावर ठेवला. त्यानं खाल्ला. मंग आणखी मागितला! खोबऱ्याचा तुकडा खाल्ला, केळ खाल्लं, मी माह्यासाठी ठेवलेला पेढाही खाल्ला. मायनं तिथंच देवापुढं डोकं टेकलं.

"पाहा काकू, उतरलं! पोरी, दर शनिवारी येत जाशील का वं?"

प्रणाली म्हणे, "येईन." अन् रडाले लागली. मलेही भरून आलं, खोटं काहून बोलू?

*

त्याच संध्याकाळी तिनं घरी सांगून टाकलं. बाबांनी मले बोलावणं धाडलं. जमवणारी मी, तं ऐकून घेणारीही मीच!

"साक्षगंधाचं जेवण साऱ्या गावानं खाल्लं पोरी!" बाबा ओरडून राहिले होते.

"जेवण गावानं खाल्लं बाबा, नांदायचं मले आहे. स्वप्नीलसंग लग्न केलं तं मी त्यालेही फसवीन अन् मलेही."

बाबा खाली बसले. मंग म्हणे, "कोण आहे तो?"

"मंगेश."

"खुर्च्यावाला?"

"हो."

बाबांनी कपाळावर हात मारला. "ज्यानं माही इज्जत ठेवली, तोच घेऊन चालला!" पण नाही म्हटलं नाही. आमी वाट पाहून राहिलो होतो, तरी म्हटलं नाही.

*

आता राहिली साक्षगंधाची साडी अन् अंगठी. आमच्यात जो लग्न जमवते, मोडलं तं सामान परत न्यायलेही त्यालेच जावं लागते. म्हणजे कोणाले? मले! अन् कुठी? माह्याच माहेरी!

रविवारी गुलाबरावले घेऊन बोरगावले गेली. स्वप्नील छुट्टीवर घरीच होता, भिंतीले टेकून उभा. मी पिशवी भावापुढं ठेवली. पिशवी पाहूनच भाऊ समजला.

"माह्या पोरात खोट काय?"

"काहीच नाही, भाऊ."

"मंग कोण आहे तो?"

"आमच्या शाळेतलाच. मंगेश."

स्वप्नीलनं एकदम वर पाहिलं अन् मान खाली घातली. भाऊ मले जे बोलला ते सांगत नाही. शेवटी म्हणे, "यंदा राखी घेऊन येऊ नको." वहिनीनं चहा आणला होता, तो तसाच परत नेला. ज्या घरात मी लहानाची मोठी झाली त्या घरातून मी पाणीही न पिता उठली.

गाडीत बसली. गुलाबरावनं गाडी चालू केली. तेवढ्यात स्वप्नील मागून पळत आला, पायात चपलाही नव्हत्या. खिडकीची काच धरली. मले वाटलं, आता विचारते, प्रणाली काय म्हणे, त्याच्यात असं काय आहे जे माह्यात नाही. मी उत्तर जुळवून ठेवलं होतं.

पण तो हळूच म्हणे, "आत्या, मंगेशभाऊ आता माहा फोन उचलतीन का?"