दोघींचे गुडघे

गुडघा गेला तेव्हा मी चाळिशीच्या अलीकडे होते. बऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्याला आमचा केळीचा बाग आहे. केळीच्या बुडाशी फुटणारी जादा पिलं वेळच्या वेळी कापावी लागतात, नाहीतर मूळ झाड पोसत नाही. हे काम मी मजुरांवर सोडत नसे. त्या दिवशी विळा घेऊन मागे मागे सरकत होते, तेवढ्यात पाऊल ड्रिपच्या नळीत अडकलं. पाऊल जागेवर राहिलं आणि मी वरून पूर्ण फिरून पडले. गुडघ्यातून कट् असा आवाज आला.

सूज उतरली, पण गुडघा पहिल्यासारखा झाला नाही. चालता चालता मध्येच अडकायचा. बांध उतरताना तर तो मला धरेल की सोडेल याचा भरवसा नसे. घरचे म्हणायचे, होईल हळूहळू बरा. पण मी नेपानगरची, पेपर मिलच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. मशीनचा आवाज जरा बदलला की आमचे वडील हातातलं काम टाकून बघायला जायचे. बिघाड तसाच ठेवून रेटत राहणं माझ्या अंगात नव्हतंच. मी हट्टाने बऱ्हाणपूरला जाऊन एमआरआय करून घेतला.

तिथल्या डॉक्टरांनी मला स्क्रीनवर दाखवलं. "लोक म्हणतात ना गादी झिजली, तसं तुमचं नाही. तुमची कूर्चा चांगली आहे, पण एका ठिकाणी तुकडा उडून खड्डा पडलाय, पार हाडापर्यंत. कूर्चेला रक्त मिळत नाही, त्यामुळे ती आपोआप भरून येत नाही." मग म्हणाले, इंदूरच्या एका मोठ्या दवाखान्यात अशा खड्ड्यांवर स्टेम सेलचा अभ्यास चाललाय, तिथे दाखवून या.

इंदूरला मी आणि आमचे हे जाणार होतो. निघायच्या दिवशी सकाळी सासूबाई नवीन लुगडं नेसून, आपले जुने एक्स-रे पिशवीत घालून दारात उभ्या.

"मी बी येते," त्या म्हणाल्या. "तुह्या गुडघ्याचा इलाज व्हत असंल तं माह्या बी गुडघ्याचा व्हईन."

त्यांचे दोन्ही गुडघे कित्येक वर्षांपासून बाहेरच्या बाजूला वाकलेले होते. त्या चालायच्या तेव्हा पूर्ण अंग डावीकडे, मग उजवीकडे झुकायचं. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही.

डॉक्टरांनी आधी माझे फोटो बघितले. वय बसतंय, खड्डा एकच आहे, आजूबाजूची कूर्चा शाबूत आहे, म्हणजे मी या अभ्यासात बसू शकते, असं त्यांनी सांगितलं. कमरेच्या हाडातून सुईने मगज, म्हणजे हाडातली मज्जा, काढायचा, त्यातल्या स्टेम सेल वेगळ्या करून प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि नंतर ऑपरेशन करून त्या खड्ड्यात बसवायच्या. "गॅरंटी नहीं है," ते स्पष्ट म्हणाले. "अभी हम भी सीख रहे हैं. और मेहनत आपको करनी पड़ेगी."

मग सासूबाईंनी पिशवीतून एक्स-रे काढून टेबलावर ठेवले. डॉक्टरांनी ते उजेडात धरले आणि हळू आवाजात म्हणाले, "माँजी, आपका ये इलाज नहीं हो पाएगा."

"काहून? माह्या हाडात मगज नाही का?"

ह्यांनी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. मगज आहे, पण सेल बसवायला जागाच उरलेली नाही, असं त्यांनी समजावलं. दोन्ही हाडं एकमेकांवर घासून पार उघडी पडली होती. अशा गुडघ्याला सांधा बदलणं हाच मार्ग. सासूबाईंनी एक्स-रे परत पिशवीत घातले, पदर सावरला आणि माझ्या आधी बाहेर पडल्या.

परतीच्या बसमध्ये बडवाहला नर्मदेचा पूल आला तेव्हा त्यांनी हात जोडले. मला माझ्या गुडघ्याचा आनंद होत होता आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी खिडकीतून बाहेर बघत होते. खंडव्याच्या पुढे आल्यावर त्याच म्हणाल्या, "तू करून घे. माह्याकडं पाहू नको."

मगज काढला तेव्हा जागा बधिर केलेली होती, तरी आतून कोणी हाड ओढून घेतंय असं वाटलं. त्यानंतर काही आठवडे वाट बघायची होती. मी घरी भाकऱ्या थापत होते आणि माझ्याच अंगातलं काहीतरी इंदूरला काचेच्या भांड्यात वाढत होतं, या विचाराने मधूनच अंगावर काटा यायचा. सासूबाईंना मी ते सांगितलं तर त्या लगेच म्हणाल्या, "म्हंजे टिश्यूच्या केळीसारखं." आमच्याकडे आता सगळे टिश्यू कल्चरची रोपं लावतात, तीही अशीच लॅबमध्ये वाढून येतात. तेव्हापासून दवाखान्याचा फोन आला की त्या पहिला प्रश्न विचारायच्या, "उगवलं का?"

ऑपरेशन झालं आणि खरं काम सुरू झालं. सहा आठवडे त्या पायावर जराही भार द्यायचा नव्हता. गुडघा मात्र रोज ठरल्याप्रमाणे हलवायचा, नाहीतर जाम होतो. मी कुबड्यांवर. सासूबाई माझ्यावर पहारा ठेवून होत्या. पाय जमिनीला लागताना दिसला की स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "उचल! रोप उपटशीन!" घरातलं सगळं त्या आपल्या त्या दोन वाकड्या गुडघ्यांवर करत होत्या. मला बघवत नव्हतं, पण बसून राहणं हेच माझं काम होतं आणि मी ते चोख करायचं ठरवलं होतं.

एक दिवस त्या पुन्हा नवीन लुगडं नेसलेल्या दिसल्या. शेजारच्या काकू बाहेर ऑटो थांबवून उभ्या होत्या. बऱ्हाणपूरला एक नवीन क्लिनिक उघडलं होतं. बिना ऑपरेशन, एका सुईत नवा गुडघा, स्टेम सेल, असा त्याचा मोठा बॅनर चौकात लागला होता.

मी कुबड्या टेकत दारात आले. "आई, इंदूरच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते आठवतं ना?"

"तुले भेटलं," त्या म्हणाल्या. "आता मले नको म्हणू राहिली का?"

ते लागलं मला. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. मी म्हणाले, "मी नको म्हणत नाही. मी बरोबर येते. जे विचारायचं ते विचारू, मग तुम्ही ठरवा."

"तू अशा पायानं?"

"अशाच पायाने."

मी पाय लांब करून ऑटोत मागच्या सीटवर आडवी बसले. काकू घरी परत गेल्या, कारण सासूबाई कोपऱ्यात बसल्यावर जागाच उरली नाही. क्लिनिकमधल्या माणसाने सासूबाईंना नुसतं चालताना बघितलं आणि दोन्ही गुडघ्यांत सुया घेऊन टाका म्हणाला.

"भाऊ, या सेल कुणाच्या?" मी विचारलं. "आईंच्याच हाडातून काढणार का?"

"नहीं नहीं, रेडी आती है. सीलबंद."

"कुणाच्या अंगातून काढलेल्या?"

तो वैतागला. "आप डॉक्टर हो क्या? माताजी को ठीक होने दो."

सासूबाईंनी पिशवीतून एक्स-रे काढले. "हे फोटो तं पाह्य," त्या म्हणाल्या.

"इसकी ज़रूरत नहीं है, माताजी."

त्यांनी ते फोटो काही वेळ तसेच हातात धरून ठेवले. मग पिशवीत घातले आणि खुर्चीला धरून उठल्या. "चाल व," मला म्हणाल्या. परतताना ऑटो रेल्वे फाटकाशी थांबली तेव्हा म्हणाल्या, "आमी टिश्यूचं रोप घेतो तं आधी माती पाह्यतो. यानं माती बी पाह्यली नाही." थोड्या वेळाने पुन्हा, "माह्यी मातीच वाहून गेली. तो इंदूरवाला खरं बोलत व्हता."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ह्यांना हाक मारली. "तो सांधा बदलायचा डॉक्टर कधी भेटतो, विचार. एक एक करून बदलू. मले अजून लई काम पडलं हाय." हे चकित. आधी वर्षानुवर्षं आम्ही सांगायचो आणि त्या विषय काढू देत नसत.

त्यांचा उजवा गुडघा माझ्या कुबड्या सुटल्यानंतर बदलला गेला. मग अंगणात दोघींचा व्यायाम सुरू झाला. मी पाय उचलायची, त्या उचलायच्या. त्या थांबल्या की मी ओरडायची, मी थांबले की त्या. दुखायचं. एकदा मला इतकं दुखलं की मी सतरंजीवरच रडले. त्या म्हणाल्या, "रड, पण उचल." मी रडत उचलला.

वर्षानंतरच्या एमआरआयमध्ये खड्डा बहुतेक भरलेला दिसला. भरलेला भाग मूळच्या कूर्चेइतका टिकेल का, हे डॉक्टरांना आजही सांगता येत नाही. ते दरवर्षी बोलावतात आणि मी जाते. गुडघा आता अडकत नाही. उकिडवं बसलं तर आत ओढ लागते, म्हणून मी मुद्दाम बसत नाही. जे मिळालं ते मी सांभाळून वापरते.

सासूबाईंना खाली बसता येत नाही, त्यामुळे पूजेला खुर्ची लागते आणि त्याची चिडचिड होते. पण उजव्या पायाने त्या सरळ चालतात. डावा गुडघा या हिवाळ्यात बदलायचाय. डॉक्टरांनी दिलेली तारीख त्यांनी नाकारली. "घड कापायच्या टायमाले मी पलंगावर पडून राहू का?" असं त्यांना फोनवर ऐकवून त्यांनी तारीख पुढे ढकलून घेतली. दवाखान्यात त्यांच्याजवळ मी राहणार आहे. तोवर डाव्या पायाचे स्नायू तयार हवेत, म्हणून सकाळी अंगणात त्यांचा पाय वर खाली चाललेला असतो, आणि मी चहा घेऊन आले तरी त्या मध्ये थांबत नाहीत.