व्याह्यांना दिलेली गादी

अपघातानंतर माझ्या कमरेखाली संवेदना नाही. सतत बसून बैठकीच्या हाडावर जखम झाली, तेव्हा नगरच्या सर्जननी मांडीचा स्नायू कातडीसकट वळवून तिथे लावला. जखम भरली. घरी सोडताना ते म्हणाले, "ऑपरेशन माझं होतं, ते झालं. बसणं तुमचं आहे." अशा जखमा पुन्हा का होतात, यावर मी बातमीदार म्हणून आमच्या पेपरात सविस्तर लिहिलं होतं. हाड तेच राहतं, दाब तोच राहतो, दुखत नसल्यामुळे काही कळत नाही आणि रुग्ण हलगर्जीपणा करतो. 'रुग्ण' लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच कोणीतरी होतं.

मुलीचं लग्न जुळत होतं. साखरपुड्यात बाप म्हणून ताठ बसायचं, एवढीच माझी इच्छा होती.

जामखेडहून होणारे व्याही श्रीगोंद्याला घर पाहायला आले. लाकडी बाकावर टेकताच त्यांचा हात कमरेवर गेला. घरात मऊ अशी एकच वस्तू होती, माझ्या व्हीलचेअरवरची, पुन्हा जखम होऊ नये म्हणून घेतलेली हवेच्या कप्प्यांची गादी. मुलाच्या बापाला बाक आणि आपण गादीवर, हे मला बघवेना. मी बायकोला ती काढायला लावली आणि स्वतः घडी केलेल्या गोधडीवर बसलो. बायकोने माझ्याकडे जे पाहिलं, ते छापण्यासारखं नव्हतं.

"लई मऊ हाय की हो, पाव्हणं!" व्याही म्हणाले. "आमच्या ट्रॅक्टरला पायजे असली."

थोड्या थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, असा नियम. पण यजमानच खुर्चीतून उठू लागला, तर पाहुण्यांना निघा म्हटल्यासारखं दिसेल. म्हणून उचललं नाही. मानपान ठरला, जेवणं झाली, पुन्हा चहा झाला. मी दगडासारखा बसून होतो आणि स्वतःच्या आदबीवर खूश होतो.

संध्याकाळी बायकोने जुन्या जखमेची जागा पाहिली. लाल डाग होता, बोटाने दाबूनही फिका पडेना. काही दिवसांत कातडी फुटली.

"व्याही बसलं मऊ," ती म्हणाली, "आन तुमी पडा आता पालथं."

सर्जननी कारण विचारलं. "पाहुणे आले होते," मी सांगितलं. त्यांचं पेन थांबलं. वळवायला मांडी दर वेळी पुरणार नाही, एवढंच म्हणून त्यांनी माझं बसणं बंद केलं.

साखरपुडा आमच्या अंगणात झाला. मी मांडवात बाजेवर पालथा, अंगात नवा सदरा, हनुवटीखाली उशी. फोटोंत मी बाप कमी आणि नदीकाठी ऊन खाणारी सुसर जास्त दिसतो. गादी रिकामीच होती. मी ती व्याह्यांसाठी आणवली. एव्हाना त्यांना सगळं कळलं होतं. ते सतरंजीवर, माझ्या तोंडासमोर बसले.

"नगं. मी खालीच बरा."

"अहो, पण तुमची कंबर..."

"गप पडा, पाव्हणं."

नवऱ्या मुलाला कुंकू लावायची वेळ आली, तेव्हा तो बाजेपाशी गुडघ्यांवर बसला. मी पालथ्यानेच हात लांबवला. कुंकू जरा तिरकं लागलं. कोणी ते सरळ केलं नाही.