लाल चिंध्या

आठवडाभर एमआयडीसीतल्या बियाण्यांच्या कंपनीत खुर्चीवर बसून अंग आंबतं, म्हणून मी रविवारी जालन्याबाहेरच्या जंगलात हिंडतो. त्या दिवशी पळस फुलले होते. पायवाट सोडून मी आत शिरलो आणि परतीची खूण म्हणून झाडांना लाल चिंध्या बांधत गेलो.

परत फिरलो तर एकही चिंधी दिसेना. अंदाजानं थोडं चाललो, तेव्हा मेंढरं राखणारी एक बाई दिसली. खांद्यावर घोंगडी, कमरेला खोचलेल्या माझ्या चिंध्या. एका चिंधीची गाठ ती दातांनी सोडवत होती. मधूनच मेंढरांकडे न बघता तोंडानं लांब 'हुर्र' करायची आणि कळप वळायचा.

"मावशी, त्या माझ्या खुणा आहेत," मी चिडून म्हणालो.

"मोजणीवाले का तुम्ही?"

"नाही हो. वाट चुकू नये म्हणून बांधल्या."

तिनं मला बुटांपासून टोपीपर्यंत न्याहाळलं. "त्या टेकडीवर असंच लाल बांधून गेल्ते. मंग तारेचं कुंपण आलं. आता मेंढरं आत जाऊ देत न्हाईत."

माझा राग विरला. तिनं मला पायवाटेपर्यंत आणून सोडलं आणि सगळ्या चिंध्या हातात दिल्या.

"पुन्हा आलात तं बांधू नका. हाक मारा. मी हितंच मेंढरं चारून राह्यले."

पुढच्या वर्षी पळस फुलल्यावर मी गेलो. चिंध्या नेल्या नव्हत्या. पायवाटेच्या तोंडाशीच आता तारेचं कुंपण होतं. तार धरून मी बाहेरूनच हाक मारली.